विटा किती, गोण्या किती?

सदर : अंगणातलं गणित

दोस्तांनो, आज वही-पेन्सिलीबरोबर एक मोजपट्टी घ्या आणि एक वीट शोधून आणा. वीट शोधायला लांब जायला नको. घराच्या मागे, शाळेच्या कुंपणाशी, नाहीतर तुळशीवृंदावनाच्या कडेला एखादी सापडेलच. आता तिची लांबी, रुंदी आणि उंची मोजा. प्रत्येक भट्टीची वीट थोडी वेगळी असते, पण आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मिळणारी वीट साधारण ९ इंच लांब, ४ इंच रुंद आणि ३ इंच उंच भरते. आज आपण हीच मापं धरू.

९ × ४ × ३ म्हणजे १०८ घनइंच. एका घनफुटात १२ × १२ × १२, म्हणजे १,७२८ घनइंच असतात. मग १,७२८ ला १०८ ने भागा. उत्तर आलं १६. म्हणजे एका घनफुटात बरोबर १६ विटा मावतात. झालं गणित!

आता हाच प्रश्न घेऊन एखाद्या गवंडीकाकांकडे जा. "काका, एक घनफूट बांधकामाला विटा किती लागतात?" ते हातातली थापी खाली न ठेवताच सांगतील, "अकरा-बारा धर."

आता काय करायचं? तुमचा भागाकार तर बरोबर आहे, आणि काकांनी उभं आयुष्य भिंती बांधण्यात घातलंय. मग चुकलं कोण? कुणीच नाही! तुम्ही विटा एकमेकींना चिकटवून रचल्यात. काका दोन विटांच्या मध्ये सिमेंट-वाळूचा माल भरतात. हा सांधा साधारण अर्धा इंच जाडीचा असतो. म्हणजे भिंतीत बसल्यावर एका विटेनं अडवलेली जागा होते ९.५ × ४.५ × ३.५ इंच, अंदाजे दीडशे घनइंच. आता १,७२८ ला १५० ने भागून बघा. येतात की नाही साडेअकरा?

अर्धा इंच म्हणजे केवढा, करंगळीएवढाही नाही. पण एवढ्याशा सांध्यानं १६ चे साडेअकरा केले. ही गंमत मी मुद्दाम आधी सांगितली, कारण आज आपण एका अख्ख्या घराचा हिशेब मांडणार आहोत. आणि हा हिशेब आईबाबांनाही वाचायला द्यायचा आहे बरं का!

घर अर्धवट का राहतं?

आपल्याकडे, विशेषतः खेडोपाडी, पुष्कळ घरं कुठल्या मोठ्या ठेकेदाराकडून बांधून घेतलेली नसतात. घरचीच माणसं विटा आणतात, वाळू आणतात, ओळखीच्या गवंड्याला बोलावतात. बिगाऱ्याचं थोडंफार काम घरचेच करतात. अशा घराचा जमाखर्च बाबांच्या खिशातल्या डायरीत असतो, नाहीतर आईच्या डोक्यात.

आणि अशीच काही घरं तुम्ही अर्धवट उभी असलेलीही पाहिली असतील. भिंती दरवाजाच्या उंचीपर्यंत आल्या आहेत, वर सळया आभाळाकडे बघत गंजताहेत, आत गवत वाढलंय. विचारलं तर सगळे म्हणतात, "पैसे संपले." ते खरंच असतं. पण पुष्कळदा त्यामागे आणखी एक गोष्ट असते. किती माल लागेल, हे कुणी आधी मोजलेलंच नसतं. "लागेल तसं आणू" म्हणत काम सुरू होतं आणि अर्ध्या वाटेवर खिसा रिकामा होतो.

बांधकामाआधी कागदावर मांडलेल्या या हिशेबाला अंदाजपत्रक म्हणतात. गावात त्याला 'इष्टिमेट' म्हणतात. त्याला लागतं काय? लांबी, रुंदी, उंची, गुणाकार आणि भागाकार. सातवी-आठवीतल्या मुलाला किंवा मुलीला येतं, तेवढंच!

फक्त एक गोष्ट आधीच सांगतो. पाया किती खोल हवा, कुठे किती जाडीची सळई हवी, हे ठरवणं अभियंत्याचं काम. नकाशा त्यांचा, हिशेब आपला.

आपलं कागदावरचं घर

२०१६ साली केंद्र सरकारची ग्रामीण भागासाठीची प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली. त्या योजनेतल्या घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरवलं गेलं. एका चौरस मीटरात १०.७६ चौरस फूट असतात, म्हणजे हे झाले साधारण २६९ चौरस फूट. या योजनेचे पैसे एकदम हातात पडत नाहीत. काम ज्या टप्प्यावर पोचेल तसे हप्ते मिळतात. म्हणजे मध्येच माल संपून काम अडलं, तर पुढचा हप्ताही अडतो. हिशेब किती महत्त्वाचा, बघा!

आपलं कागदावरचं घर आपण जरासं मोठं घेऊ. बाहेरून २० फूट लांब आणि १५ फूट रुंद, म्हणजे ३०० चौरस फूट. मध्ये एक आडवी भिंत, म्हणजे दोन खोल्या. भिंतीची जाडी ९ इंच, म्हणजे पाऊण फूट. जोत्यापासून छतापर्यंत उंची १० फूट. पाया आणि जोतं काळ्या दगडाचं आहे. त्याचा कागद वेगळा करू. आज फक्त जोत्याच्या वरचा हिशेब.

शाळेत आपण मीटर शिकतो आणि गवंडी, वाळूवाले बोलतात फुटात आणि ब्रासमध्ये. ब्रास म्हणजे १०० घनफूट. आज आपणही त्यांच्याच भाषेत बोलू. दुकानात जाऊन उभं राहायचं तर तिथली भाषा यायला हवी ना!

भिंतीची लांबी : ७०, ६४ की ६७?

चारी भिंतींची मिळून लांबी किती? तुम्ही म्हणाल, सोपंय! २० + १५ + २० + १५ म्हणजे ७० फूट.

थांबा. बाहेरून मोजलं तर ७०. आता आत उभं राहून मोजा. दोन्ही बाजूंची पाऊण-पाऊण फूट जाडी गेली. राहिलं साडेअठरा आणि साडेतेरा. त्यांची परिमिती ६४ फूट. मग खरं कोणतं? बाहेरून मोजताना प्रत्येक कोपरा दोनदा मोजला जातो आणि आतून मोजताना एकदाही नाही! म्हणून भिंतीच्या जाडीच्या बरोबर मधून दोरी धरायची. ती भरते ६७ फूट. बांधकामाचा हिशेब या मधल्या रेषेनं करतात.

मधली आडवी भिंत साडेतेरा फूट. एकूण झाली ८०.५ फूट.

घनफळ : ८०.५ × ०.७५ × १० = ६०४ घनफूट (अपूर्णांक सोडून देऊ). घरात आजोबा असतील तर त्यांना विचारा. त्यांच्या पिढीतल्या अनेकांना पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असायची. तुम्ही कागद शोधेपर्यंत ते उत्तर सांगून मोकळे होतील.

आता जिथे वीट लागत नाही ते वजा करू. बाहेरचा दरवाजा साडेतीन फूट × ७ फूट. मागचा आणि मधला दरवाजा प्रत्येकी ३ × ७. तीन खिडक्या, प्रत्येकी ४ × ४. सगळ्यांचं क्षेत्रफळ ११४.५ चौरस फूट. त्याला पाऊण फूट जाडीनं गुणलं की ८६ घनफूट.

आणखी एक वजाबाकी आहे. दरवाजा-खिडक्यांच्या डोक्यावरून घरभर फिरणारा ६ इंच उंचीचा काँक्रीटचा पट्टा. ८०.५ × ०.७५ × ०.५ म्हणजे ३० घनफूट. या पट्ट्याकडे आपण परत येणार आहोत, त्याला विसरू नका.

६०४ − ८६ − ३० = ४८८ घनफूट. हे निव्वळ विटांचं बांधकाम.

४८८ × ११.५ = ५,६१२ विटा. ट्रकमधून उतरवताना काही फुटणार, कोपऱ्यांवर काही तोडाव्या लागणार. म्हणून शेकडा ५ जास्त धरू. झाल्या ५,९०० विटा.

विटा उतरल्या की तुमचं एक काम. त्यांची थप्पी लावून घ्या. लांबीत १०, रुंदीत ५, उंचीत १० अशी लावली की एका थप्पीत ५००. मग एकेक वीट मोजत बसायला नको. दोन विटा एकमेकींवर आपटूनही बघा. चांगल्या भाजलेल्या विटेचा आवाज खणखणीत येतो, कच्चीचा बद्द.

कोकणातल्या दोस्तांनी नाराज होऊ नये. तुमच्याकडे वीट नाही, जांभ्याचा चिरा. पण रीत हीच. चिरा मोजा, सांधा मिळवा, भागाकार करा.

सिमेंट आणि वाळू

४८८ घनफुटांत विटांनी किती जागा अडवली? १६ विटांना १ घनफूट, तर ५,६१२ विटांना ३५१ घनफूट. उरलेले १३७ घनफूट म्हणजे सांध्यातला माल. भिंतीचा चौथ्या भागाहून जास्त हिस्सा सांध्यांचाच असतो!

पण १३७ घनफूट माल हवा म्हणून १३७ घनफूट सिमेंट-वाळू आणली तर कमी पडते. का? एक प्रयोग करा. एक वाटी हरभरे आणि एक वाटी रवा एका भांड्यात नीट मिसळा आणि परत वाटीनं मोजा. दोन वाट्या भरत नाहीत. रवा हरभऱ्यांच्या फटीत जाऊन बसतो. तसंच सिमेंट वाळूच्या फटीत बसतं आणि पाणी घातलं की सगळं आणखी दाटतं. म्हणून मालासाठी कोरडा ऐवज १.३ पट धरतात. १३७ × १.३ = १७८ घनफूट.

भिंतीच्या मालाचं प्रमाण १ : ६ धरू. एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू, एकूण सात भाग. १७८ भागिले ७ म्हणजे सिमेंट साडेपंचवीस घनफूट. सिमेंटची ५० किलोची गोणी साधारण सव्वा घनफुटाची असते. २५.५ भागिले १.२५ म्हणजे २०.४. दुकानदार ०.४ गोणी देत नाही, म्हणून २१ गोण्या. आणि वाळू सहा भाग, म्हणजे १५३ घनफूट. दीड ब्रासला थोडी वर.

वाळूच्या बाबतीत दोन गोष्टी जपायच्या. पहिली ट्रॉलीची. "एक ब्रास आहे" असं सांगितलं तरी तुम्ही मोजपट्टी काढा. ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि आत वाळूची उंची दीड फूट असेल तर झाले ९० घनफूट. ब्रासला १० घनफूट कमी! भांडायचं नाही. नम्रपणे मोजून दाखवायचं.

दुसरी गोष्ट जास्त मजेची. काचेच्या सरळ पेल्यात किंचित ओलसर वाळू हलकेच भरा. दाबू नका. उंची मोजा. समजा, १३ सेंटिमीटर भरली. आता ती वाळू काढा, पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या आणि तीच वाळू हळूहळू त्यात सोडून ढवळा. खाली बसली की परत मोजा. वाळू बारीक असेल तर ती १० सेंटिमीटरच्या आसपासही खाली आलेली दिसेल. वाळू कुठे गेली? कुठेच नाही. ओलसर वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तो कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो, म्हणून वाळू फुगते. पाण्यात पूर्ण बुडाली की हा पापुद्रा राहत नाही आणि वाळू पुन्हा बसते. १३ चे १० झाले, तर ओलसर वाळूच्या एका ब्रासमध्ये खरी वाळू ७७ घनफूटच असते. म्हणून वाळू ओलसर असेल तर तेवढी जास्त मागवायची.

पट्ट्याची गोष्ट

आता त्या पट्ट्याकडे येऊ. त्याला काही जण लिंटेल पट्टा म्हणतात. दरवाजा-खिडक्यांच्या वर तुळई तर घालावीच लागते, नाहीतर वरच्या विटा खाली येतील. मग ती घरभर कशाला फिरवायची? फक्त दरवाजा-खिडकीपुरती घातली तर सिमेंट वाचेल, सळई वाचेल. असं म्हणणारं कुणीतरी प्रत्येक बांधकामावर भेटतं. गिलावा झाला की पट्टा आहे की नाही हे दिसतही नाही!

याचं उत्तर मराठवाड्यात मिळतं. ३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजायला आले होते, माणसं गाढ झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात किल्लारीच्या परिसरात मोठा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. तिथली जुनी घरं माळवदाची होती. दगडाच्या जाडजूड भिंती मातीत रचलेल्या आणि डोक्यावर मातीचं जड छत. भिंती जाड होत्या, पण दगडांना आणि कोपऱ्यांना एकत्र बांधून ठेवणारं काही नव्हतं. जमीन हलली तशा भिंती उकलल्या आणि छत खाली आलं.

त्यानंतर तिथे जी नवी घरं बांधली गेली, जुनी मजबूत केली गेली, त्यांत या पट्ट्यांवर भर दिला गेला. फुलांची जुडी दोऱ्यानं बांधतात ना, तसा हा पट्टा चारी भिंतींना एकत्र धरतो. म्हणून तो अखंड हवा. अर्धा दोरा बांधून जुडी राहत नाही. असाच एक पट्टा जोत्याच्या पातळीवरही घालतात. त्याचा हिशेब हाच, फक्त तो पायाच्या कागदावर लिहायचा.

मग किती खर्च येतो या पट्ट्याला? मोजूच.

काँक्रीट ३० घनफूट. काँक्रीटमध्ये खडीही असते, म्हणून कोरडा ऐवज १.५४ पट धरतात. झाला ४६ घनफूट. प्रमाण १ : दीड : ३, म्हणजे एकूण साडेपाच भाग. ४६ भागिले ५.५ म्हणजे सिमेंट ८.४ घनफूट, सात गोण्या. वाळू साधारण १३ घनफूट, खडी २५ घनफूट.

सळईच्या वजनाचं एक सोपं सूत्र आहे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. एक मीटर सळईचं वजन किलोत मिळतं. समजा, अभियंत्यानं पट्ट्यात १० मिलिमीटरच्या चार सळया सांगितल्या. ८०.५ × ४ = ३२२ फूट. जोड आणि वळणांसाठी दहावा हिस्सा वाढवला की ३५४ फूट, म्हणजे १०८ मीटर. एका मीटरचं वजन १०० भागिले १६२, म्हणजे ०.६१७ किलो. एकूण ६७ किलो. सळया बांधणाऱ्या रिंगा दर ६ इंचाला एक, म्हणजे १६१. त्या ६ मिलिमीटरच्या असतील तर त्यांचे साधारण २४ किलो. सगळं मिळून ९१ किलो.

सात गोण्या सिमेंट, ९१ किलो लोखंड आणि पाव ब्रास खडी. एवढीच या पट्ट्याची मागणी.

सगळा हिशेब एका कागदावर

छताचा स्लॅब ५ इंच जाडीचा धरू. ३०० चौरस फूट × ५ इंच = १२५ घनफूट. १.५४ ने गुणलं की १९२.५. साडेपाचनं भागलं की ३५ घनफूट सिमेंट, म्हणजे बरोबर २८ गोण्या. वाळू ५२.५ घनफूट, खडी १०५ घनफूट. स्लॅबची सळई अभियंत्याच्या नकाशावरून, त्याच १६२ च्या सूत्रानं काढायची.

आता कागद असा दिसतो :

विटा : ५,९००
सिमेंट : भिंती २१ + पट्टा ७ + स्लॅब २८ = ५६ गोण्या
वाळू : १५३ + १३ + ५३ = २१९ घनफूट, सुमारे २.२ ब्रास
खडी : २५ + १०५ = १३० घनफूट, १.३ ब्रास
सळई : पट्टा ९१ किलो + स्लॅबची वेगळी

समोर एक रिकामा रकाना ठेवा, भावाचा. भाव मात्र तुमच्या गावच्या दुकानातून विचारून आणा, तोही दोन ठिकाणांहून. पाया, गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, संडास, वीज आणि मजुरी यांचे कागद असेच वेगवेगळे करायचे आणि शेवटी बेरीज.

बेरीज खिशापेक्षा मोठी आली तर?

बहुतेक वेळा येतेच! आणि खरी परीक्षा इथे असते. घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, पट्टा काढून टाकू. कुणी म्हणतं, मालात वाळू थोडी वाढवू, कुणाला कळतंय! १ : ६ ऐवजी १ : १० केलं तर १७८ भागिले ११, म्हणजे १३ गोण्यांत भागेल. आठ गोण्या वाचतील. पण सांधा नखानं उकरला तरी भुगा पडेल असा कच्चा राहील, आणि भिंतीचा चौथा हिस्सा सांधाच आहे, हे आपण आत्ताच पाहिलं.

अशा वेळी तुम्ही हळूच कागद पुढे करा. "आपण घर दोन फुटांनी लहान केलं तर?"

२० × १५ ऐवजी १८ × १५. समोरची आणि मागची भिंत दोन-दोन फुटांनी कमी, म्हणजे चार फूट भिंत वाचली. पट्टा सोडून तिची उंची साडेनऊ फूट. ४ × ०.७५ × ९.५ = २८.५ घनफूट. सव्वातीनशेच्या वर विटा वाचल्या. स्लॅब ३० चौरस फुटांनी कमी झाला, तिथे पावणेतीन गोण्या. भिंतीचा माल आणि पट्टा धरून एकूण सव्वाचार गोण्या सिमेंट वाचलं. शिवाय स्लॅबची सळई, पायाचा दगड, फरशी, गिलावा आणि मजुरी, सगळंच थोडं थोडं कमी.

खोली दोन फुटांनी लहान झाली तर कपाट सरकवावं लागेल, अभ्यासाचं टेबल खिडकीखाली न्यावं लागेल. पुढे पैसे आले की एक खोली वाढवताही येईल. पण गिलाव्याच्या आत नसलेला पट्टा नंतर सहज घालता येत नाही, आणि कच्चा सांधा पक्का करता येत नाही. जे डोळ्यांना दिसतं ते कमी केलं तर चालेल. जे भिंतीच्या पोटात आहे, त्यात काटकसर नको. अंदाजपत्रक करायचं ते याचसाठी. काय कमी करता येईल आणि काय मुळीच नाही, हे पहिली कुदळ मारण्याआधी कळायला हवं.

तुमच्यासाठी तीन कामं

घरी बांधकाम निघालंच तर ही तीन कामं मागून घ्या.

एक, सिमेंटच्या गोणीवरची तारीख वाचायची. गोणी कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी भरली, ते तिच्यावर छापलेलं असतं. सिमेंट ताजं वापरावं. तीन महिन्यांहून जुनं झालं की त्याची ताकद कमी होत जाते. म्हणून ५६ गोण्या एकदम आणून ठेवायच्या नाहीत, कामाच्या टप्प्याप्रमाणे आणायच्या. जमिनीवर फळ्या टाकून, भिंतीपासून फूटभर दूर, एकावर एक दहापेक्षा जास्त नाहीत अशा रचायच्या. पावसाळ्यात ओल लागलेली गोणी दगड होते आणि तिच्याबरोबर तिचे पैसेही.

दोन, मापावर लक्ष ठेवायचं. ज्या घमेल्यानं सिमेंट मोजलं, त्याच घमेल्यानं वाळू मोजायची, आणि दोन्ही वेळा सारखंच भरायचं. एकाला सपाट आणि दुसऱ्याला शीग, असं झालं की १ : ६ चं १ : ८ कधी होतं ते कळतच नाही.

तीन, पाणी मारायचं. काँक्रीट उन्हानं वाळून घट्ट होतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. सिमेंटचा पाण्याशी संयोग होतो म्हणून ते घट्ट होतं. त्यामुळे पट्टा आणि स्लॅब निदान सात दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर निदान दहा दिवस, सतत ओले ठेवायचे. हे पाणी हिशेबात धरायला लोक विसरतात आणि उन्हाळ्यात टँकर मागवायची वेळ येते. माल कालवायच्या पाण्याचाही अंदाज असावा. काँक्रीटला एका गोणीमागे साधारण २५ लिटर. "पातळ झालं की पसरायला सोपं" म्हणून बादलीभर जास्त ओतलं तर काँक्रीट कमजोर होतं.

आता तुमची पाळी

पहिलं कोडं : १२ फूट लांब आणि १० फूट उंच भिंतीच्या एका बाजूला अर्धा इंच जाडीचा गिलावा करायचा आहे. प्रमाण १ : ४. सिमेंट किती घनफूट आणि वाळू किती?

दुसरं कोडं : एक वीट १९ × ९ × ९ सेंटिमीटरची आहे. सांधा १ सेंटिमीटरचा. एक घनमीटर बांधकामाला किती विटा लागतील? (कागद न घेता सुटतं!)

आणि तिसरं काम, ज्याचं उत्तर आमच्याकडे नाही. तुम्ही राहता ती खोली मोजा आणि तिच्या चार भिंतींत किती विटा असतील ते काढा. मग आईबाबांना विचारा, आजी-आजोबांना विचारा, हे घर बांधताना किती विटा आणल्या होत्या? कुणाला आकडा आठवेल, कुणाला फक्त विटा वाहून आणलेले दिवस. दोन्ही आपल्या वहीत लिहून ठेवा.

उत्तरं : (१) गिलावा ५ घनफूट, कोरडा ऐवज ६.५ घनफूट. सिमेंट १.३ घनफूट, म्हणजे एका गोणीपेक्षा किंचित जास्त. वाळू ५.२ घनफूट. (२) सांध्यासह वीट २० × १० × १० सेंटिमीटर, म्हणून एका घनमीटरला ५०० विटा.